इंग्रजी अध्यापनातील दिनचर्या व साधा भूतकाळ

दिनचर्या व साधा भूतकाळ हा दुसरी किंवा परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवताना प्राथमिक टप्प्यावर येणारा जोडपाठ आहे. त्याच्या पहिल्या भागात विद्यार्थी रोजच्या सवयी साध्या वर्तमानकाळात सांगतो. दुसऱ्या भागात त्याच क्रिया तो काल घडलेल्या म्हणून साध्या भूतकाळात मांडतो. 'आय गेट अप ॲट सिक्स एव्हरी डे' या वाक्यावरून 'आय गॉट अप ॲट सिक्स यस्टर्डे' या वाक्याकडे जाणे हे या पाठाचे मूळ रूप होय. जगभरच्या प्रारंभिक इंग्रजी पाठ्यपुस्तकांत हा पाठ या ना त्या स्वरूपात आढळतो.

दोन्ही भाग एकमेकांना जोडण्यामागचे कारण साधे आहे. उठणे, दात घासणे, जेवणे, शाळेत जाणे या क्रियांचे शब्द विद्यार्थ्याला आधीच परिचित असतात. आशय तोच राहतो आणि बदलतो तो केवळ काळ, त्यामुळे विद्यार्थ्याचे सर्व लक्ष क्रियापदाच्या रूपाकडे जाईल अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा नेहमी पूर्ण होत नाही. ती का फसते, हा भाषाध्यापनातील संशोधनाचा एक महत्त्वाचा विषय राहिला आहे.

व्याकरणिक स्वरूप

इंग्रजीत सवय सांगण्यासाठी साधा वर्तमानकाळ वापरतात. 'शी वॉक्स टू स्कूल' या वाक्याचा अर्थ ती या क्षणी चालत आहे असा नसून चालत जाणे ही तिची रीत आहे असा होतो. तृतीय पुरुषी एकवचनात क्रियापदाला 'एस' किंवा 'ईएस' हा प्रत्यय लागतो. 'ऑलवेज', 'युजुअली', 'समटाइम्स', 'नेव्हर' ही वारंवारता दाखवणारी क्रियाविशेषणे मुख्य क्रियापदापूर्वी येतात. 'इज', 'आर', 'वॉज' या रूपांबरोबर मात्र ती त्यांच्यानंतर येतात.

साध्या भूतकाळात नियमित क्रियापदांना 'ईडी' प्रत्यय लागतो, तर अनियमित क्रियापदांचे रूप पाठ करावे लागते. 'वॉज' व 'वेअर' यांचा अपवाद वगळता हे रूप सर्व पुरुषांत व वचनांत एकच असते. या दृष्टीने इंग्रजीचा भूतकाळ तिच्या वर्तमानकाळापेक्षा सोपा म्हणावा लागतो, कारण 'ही' आणि 'दे' यांच्यात भेद करण्याची गरज उरत नाही. अडचण येते ती प्रश्न आणि नकार यांत. तेथे भूतकाळाची खूण 'डिड' या साहाय्यक क्रियापदाकडे जाते आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात परत येते.

भूतकाळातील सवय सांगण्यासाठी इंग्रजीत तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग साध्या भूतकाळाला 'एव्हरी डे' यासारख्या शब्दांची जोड देण्याचा, दुसरा 'यूज्ड टू'चा आणि तिसरा 'वुड'चा. 'वुड' हे केवळ क्रियांसाठी चालते. 'पूर्वी आमच्याकडे बैलजोडी होती' यासारखी स्थिती सांगताना ते चालत नाही, तेथे 'यूज्ड टू'च लागते. 'यूज्ड टू' या जोडीचा उच्चार 'यूस्टू' असा होतो. वस्तू 'वापरली' या अर्थाच्या 'यूज्ड'पेक्षा तो वेगळा आहे.

मराठी भाषकांच्या दृष्टीने

मराठीत सवय आणि घटना यांतील भेद इंग्रजीपेक्षा अधिक ठळकपणे व्यक्त होतो. 'तो घरी आहे' आणि 'तो रविवारी घरी असतो' या दोन वाक्यांत मराठी दोन वेगळी रूपे वापरते, इंग्रजीत मात्र दोन्हीकडे 'इज' येते. भूतकाळातही तसेच आहे. 'तो गेला' ही घटना झाली. 'तो जाई', 'तो जात असे', 'तो जायचा' ही सवय झाली. मराठी व्याकरणात या अर्थासाठी रीतिभूतकाळ अशी स्वतंत्र संज्ञा आहे.

म्हणून 'आजोबा रोज देवळात जात असत' या वाक्याचे इंग्रजी करताना मराठी विद्यार्थी साध्या 'वेंट'वर समाधान मानत नाही. त्याला सवयीचे काहीतरी चिन्ह हवे असते आणि तो पुष्कळदा 'वॉज गोइंग' असे लिहितो. वर्तमानकाळात हीच ओढ 'आय ॲम गोइंग टू स्कूल डेली' या भारतीय इंग्रजीत सर्वत्र ऐकू येणाऱ्या रचनेत दिसते. यामागे केवळ मातृभाषेचा प्रभाव नाही, शिकवण्याचा क्रमही असावा, असेही मत मांडले जाते. वर्गात कृती करून दाखवता येते म्हणून अपूर्ण वर्तमानकाळ आधी आणि भरपूर शिकवला गेला, त्यामुळे तोच वर्तमानकाळाचे सामान्य रूप वाटू लागला, असा या मताचा आशय आहे.

याउलट काही ठिकाणी मराठी भूतकाळी रूप वापरते आणि इंग्रजी वर्तमानकाळी. 'मला भूक लागली', 'मी दमलो', 'मला समजले' ही वाक्ये रूपाने भूतकाळी आहेत, पण बोलणाऱ्याची आताची अवस्था सांगतात. इंग्रजीत येथे 'आय ॲम हंग्री', 'आय ॲम टायर्ड', 'आय अंडरस्टँड' असे म्हणतात. आतल्या खोलीतून 'आलो, आलो' असे ओरडणारा माणूस अजून आलेला नसतो. इंग्रजी माणूस त्या जागी 'कमिंग' म्हणतो. पाठ्यपुस्तकांतील काळांच्या तक्त्यात अशा प्रयोगांना जागा नसते, आणि नेमके तेच घरच्या बोलण्यात सर्वाधिक येतात.

प्रश्नार्थक वाक्यातील 'डिड यू वेंट?' या चुकीचे मूळही मराठीच्या रचनेत काही अंशी सापडते. 'तू गेलास का?' या वाक्यात 'का' हा केवळ प्रश्न दाखवतो, काळाची खूण क्रियापदावरच राहते. विद्यार्थी 'डिड'ला 'का'च्या जागी ठेवतो आणि 'वेंट' तसेच सोडतो. तथापि इंग्रजी मातृभाषा असलेली लहान मुलेही भाषा शिकताना अशी दुहेरी खूण करतात, त्यामुळे या चुकीचा सर्व दोष मराठीवर टाकता येत नाही.

एका बाबतीत मराठी विद्यार्थ्याला सवलत मिळते. मराठी भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी पोहे खाल्ले. इंग्रजीत या तिन्हींना 'एट' पुरते. ज्याने कर्मणी प्रयोग नकळत आत्मसात केला आहे, त्याला इंग्रजीचे हे रूप अवघड वाटण्याचे कारण नाही. शिक्षकांनी हे मुद्दाम सांगितले, तर भूतकाळाची भीती पुष्कळ कमी होऊ शकते.

अध्यापन पद्धतींचा इतिहास

रोजच्या क्रियांची साखळी करून भाषा शिकवण्याची कल्पना फ्रेंच शिक्षक फ्रांस्वा गुआँ यांनी पद्धतशीरपणे मांडली. हॅम्बुर्ग येथे जर्मन व्याकरण आणि शब्दकोश पाठ करूनही त्यांना बोललेली भाषा कळेना. मायदेशी परतल्यावर त्यांनी आपल्या लहान भाच्याचे बोलणे ऐकले. मूल पाहिलेली घटना क्रमाने पुन्हा सांगत भाषा पक्की करते, असा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला. 1880 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात दाराकडे जाणे, दार उघडणे यासारख्या क्रिया लहान लहान वाक्यांच्या मालिकेत मांडल्या आहेत. मालिका पूर्ण झाली की तीच वेगळ्या काळात सांगायची. आजच्या जोडपाठाचे बीज या कृतीत दिसते.

हॅरल्ड पामर हे इंग्रज भाषाध्यापक 1922 मध्ये जपानला गेले आणि तेथे त्यांनी तोंडी सरावावर आधारलेली पद्धत विकसित केली. 1925 च्या 'इंग्लिश थ्रू ॲक्शन्स' या पुस्तकात प्रत्यक्ष कृती आणि तिच्याभोवतीचे प्रश्नोत्तर यांना मुख्य स्थान आहे. तू काय करत आहेस, तू काय केलेस, त्याने काय केले, असे प्रश्न एकाच कृतीवर विचारले की काळांतील फरक डोळ्यांसमोर राहतो. ए. एस. हॉर्नबी यांनी पुढे हीच दिशा वाक्यरचनांच्या तक्त्यांपर्यंत नेली. अमेरिकेत चार्ल्स फ्राइज व रॉबर्ट लाडो यांच्या प्रभावाखाली घोकंपट्टीवजा वाक्यसरावाला महत्त्व आले. एकच साचा, त्यातील एक शब्द बदलत राहायचे आणि सवय जडेपर्यंत थांबायचे नाही, असे त्याचे स्वरूप होते.

महाराष्ट्रात याहून जुनी परंपरा भाषांतराची आहे. 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' या नावाने परिचित असलेल्या पुस्तकांनी अनेक पिढ्यांना चढत्या क्रमाच्या वाक्यांतून इंग्रजी शिकवले. तिच्याच जोडीने क्रियापदांची तीन रूपे पाठ करण्याची प्रथा रूढ झाली. 'गो, वेंट, गॉन', 'ईट, एट, ईटन' हे तालावरचे पाठांतर आजही अनेक वर्गांत ऐकू येते. या पाठांतराला आधुनिक शिक्षणशास्त्राने पुष्कळ नावे ठेवली, पण अनियमित रूपे कोणत्या ना कोणत्या मार्गाने पाठच करावी लागतात, हे त्याच्या टीकाकारांनाही टाळता आलेले नाही. पाठांतरातील खरी उणीव वेगळीच आहे. विद्यार्थ्याला 'वेंट' आठवते ते 'गो'च्या पाठोपाठ. काल काय झाले हे सांगताना ते थेट आठवत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात संरचनात्मक, मौखिक व प्रसंगनिष्ठ पद्धतीचा पुरस्कार झाला. 1958 मध्ये हैदराबाद येथे केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. आज ती इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. या पद्धतीत वाक्यरचनांची श्रेणीबद्ध यादी असे आणि रचना एकामागून एक शिकवली जाई. याच यादीविरुद्ध एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातील शाळांत बंगळूर प्रकल्प राबवला. त्यात व्याकरणाचा अभ्यासक्रमच नव्हता. वेळापत्रक वाचून गाडी निवडणे, नकाशावरून मार्ग काढणे यांसारखी कामे विद्यार्थी सोडवत. काळ शिकवले जात नसत, कामाच्या ओघात ते लागत. 1987 मध्ये प्रभूंनी या अनुभवावर 'सेकंड लँग्वेज पेडागॉजी' हे पुस्तक लिहिले.

महाराष्ट्रात 2000 पासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवण्यास सुरुवात झाली. त्यामुळे पूर्वी पाचवीत येणारी ओळख लिहिता-वाचता न येणाऱ्या वयापर्यंत खाली आली आणि दिनचर्येचा पाठ गाणी, अभिनय व चित्रे यांच्या आधाराने होऊ लागला.

वर्गातील सराव

पाठाची प्रचलित मांडणी सादरीकरण, सराव आणि मुक्त वापर अशा तीन पायऱ्यांची असते. शिक्षक फळ्यावर घड्याळे काढतो किंवा चित्रकार्डे दाखवतो, प्रत्येक चित्रासाठी एक वाक्य म्हणतो आणि वर्ग ते सामुदायिकरीत्या उच्चारतो. नंतर विद्यार्थी जोडीजोडीने एकमेकांना विचारतात. शेवटी प्रत्येकाने स्वतःविषयी पाच-सहा वाक्ये लिहायची असतात. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात तिसऱ्या पायरीला वेळ उरत नाही आणि पाठ दुसऱ्याच पायरीवर संपतो, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते.

भूतकाळासाठी खेळांचा उपयोग फार पूर्वीपासून होत आला आहे. मारिओ रिनव्होलुक्री यांचे 'ग्रामर गेम्स' हे 1984 चे आणि पेनी उर यांचे 'ग्रामर प्रॅक्टिस ॲक्टिव्हिटीज' हे 1988 चे पुस्तक या संदर्भात नेहमी उल्लेखिले जाते. सर्वांत टिकाऊ ठरलेला खेळ चोरीच्या तपासाचा आहे. काल संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत वर्गातील घड्याळ चोरीला गेले असे मानायचे. दोन विद्यार्थी संशयित होतात आणि बाहेर जाऊन आपण त्या वेळी एकत्र कोठे होतो याची हकिकत ठरवतात. मग त्यांना एकेकटे बोलावून बाकीचा वर्ग उलटतपासणी घेतो. कोठे गेलात, काय खाल्ले, पैसे कोणी दिले, परत कसे आलात? दोघांच्या उत्तरांत विसंगती सापडली की ते दोषी ठरतात. या खेळात 'डिड'चा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. त्याचे उत्तर प्रश्नकर्त्याला खरोखरच ठाऊक नसते. 'तू काल शाळेत आलास का?' हा प्रश्न समोर बसलेल्या विद्यार्थ्याला विचारण्यापेक्षा हे कितीतरी अर्थपूर्ण आहे.

दुसरी उपयुक्त कृती पुनर्लेखनाची होय. शिक्षक एक लहान हकिकत सामान्य गतीने दोनदा वाचतो. विद्यार्थी केवळ महत्त्वाचे शब्द टिपून घेतात आणि गटात बसून मूळ मजकूर उभा करतात. टिपणात 'गो, मार्केट, बाय, अनियन' एवढेच उरते. त्यापासून 'वेंट' आणि 'बॉट' गटाला स्वतः घडवावे लागते. या कृतीला रूथ वायनरिब यांच्या 1990 च्या 'ग्रामर डिक्टेशन' या पुस्तकामुळे प्रसिद्धी मिळाली. तिला साहित्य काहीच लागत नाही, म्हणून मोठ्या वर्गांत ती सोयीची पडते.

मराठी शाळांत सकाळचा परिपाठ हा या सरावासाठी आयता मिळणारा प्रसंग आहे. एका विद्यार्थ्याने रोज कालच्या दिवसातील तीन गोष्टी इंग्रजीत सांगायच्या, असा उपक्रम दहा मिनिटांत बसतो. त्यातून पाठ एकदाच होऊन संपत नाही, वर्षभर परत परत येत राहतो. भाषेच्या रूपांना अशीच विखुरलेली पुनरावृत्ती लागते.

कालवाचक शब्दाची अडचण

जोडपाठाच्या रचनेतच एक दोष दडलेला आहे. सरावाच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात 'एव्हरी डे' किंवा 'यस्टर्डे' असते. भाषा-आकलनाचे अभ्यासक बिल व्हॅनपॅटन यांनी दाखवून दिले की विद्यार्थी ऐकताना प्रथम अर्थासाठी स्वतंत्र शब्द शोधतो, प्रत्ययाकडे त्याचे लक्ष नंतर जाते. 'यस्टर्डे आय वॉक्ड होम' हे वाक्य समजण्यासाठी 'यस्टर्डे' पुरेसे आहे. 'वॉक्ड'मधील शेवटचा ध्वनी ऐकलाच नाही तरी अर्थाचे काही बिघडत नाही. म्हणजे ज्या शब्दाने मदत करायची, तोच शब्द प्रत्यय अनावश्यक ठरवतो. विद्यार्थी 'यस्टर्डे आय गो' म्हणतो तेव्हा तो आपल्या परीने पूर्ण अर्थ सांगून मोकळा झालेला असतो.

यावर उपाय म्हणून ऐकण्याचा वेगळा सराव सुचवला जातो. शिक्षक कालवाचक शब्द गाळून वाक्ये म्हणतो. 'दे प्लेड क्रिकेट', 'दे वॉच टीव्ही', 'दे वॉश्ट द क्लोद्ज'. विद्यार्थ्याने केवळ एवढेच सांगायचे असते की ही रोजची गोष्ट आहे की घडून गेलेली. तोंडाने काही म्हणायचे नसल्याने कच्च्या विद्यार्थ्यालाही भाग घेता येतो, आणि उत्तर ठरते ते केवळ प्रत्ययावर. या सरावात वाक्यांचा कर्ता अनेकवचनी ठेवणे इष्ट असते, अन्यथा 'एस' प्रत्ययामुळे उत्तर आयतेच कळते. 'पुट', 'कट', 'शट' ही क्रियापदे मात्र येथे चालत नाहीत, कारण त्यांचे रूप दोन्ही काळांत सारखेच असते.

कालवाचक शब्द प्रत्येक वाक्यात न ठेवता केवळ हकिकतीच्या आरंभी एकदा देणे, हा याहून सोपा बदल आहे. खऱ्या बोलण्यातही 'काल' एकदाच येते. पुढची सर्व वाक्ये क्रियापदांच्या रूपांवर चालतात.

अनियमित क्रियापदांचा क्रम

पाठ्यपुस्तकांत सहसा 'ईडी'ची नियमित क्रियापदे आधी आणि अनियमित नंतर येतात. दिनचर्येचा पाठ हा क्रम टिकू देत नाही. 'वॉश', 'ब्रश', 'प्ले', 'हेल्प', 'वॉच' ही नियमित आहेत खरी, पण उठणे, जाणे, येणे, खाणे, पिणे, करणे, वाचणे, लिहिणे, झोपणे यांची इंग्रजी क्रियापदे सर्व अनियमित आहेत. कोणाही विद्यार्थ्याचा कालचा दिवस 'वेंट' आणि 'केम' यांच्याशिवाय पुरा होत नाही.

हा योगायोग नाही. इंग्रजीत सर्वाधिक वापरली जाणारी 'बी', 'हॅव', 'डू', 'से', 'गो', 'गेट', 'मेक', 'नो', 'थिंक', 'टेक', 'सी', 'कम' ही क्रियापदे अनियमितच आहेत. जी रूपे रोज तोंडात असतात ती विसरली जात नाहीत, म्हणून जुन्या घडणीसह टिकून राहतात. क्वचित लागणारी रूपे हळूहळू 'ईडी'कडे वळतात. 2007 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या इंग्रजीतील 177 अनियमित क्रियापदांचा मागोवा घेण्यात आला. त्यांपैकी आजच्या इंग्रजीत 98 अनियमित उरल्याचे त्यात नोंदवले आहे. 'वेंट' हे रूप तर मुळात 'गो'चे नाहीच. ते 'वेंड' या दुसऱ्या क्रियापदाचे भूतकाळी रूप असून 'गो'ने ते आपलेसे केले. मराठीत 'जा' आणि 'गेला' यांचे नाते असेच आहे, आणि हे उदाहरण दिल्यास विद्यार्थ्यांना इंग्रजी तेवढी विचित्र वाटत नाही.

मातृभाषा म्हणून इंग्रजी शिकणारी मुलेही अनियमित रूपे आधी उचलतात. रॉजर ब्राऊन यांनी तीन मुलांच्या बोलण्याचा दीर्घ अभ्यास करून 1973 मध्ये मांडलेल्या क्रमात अनियमित भूतकाळ नियमित भूतकाळाच्या आधी येतो. तृतीय पुरुषी 'एस' त्या दोहोंनंतर येतो. पुढे मुलाला नियम सापडतो आणि बरोबर म्हटले जाणारे 'वेंट' सोडून ते 'गोड' किंवा 'वेंटेड' म्हणू लागते. काही काळाने 'वेंट' परत येते. बाहेरून ही घसरण दिसते, पण मुलाने नियम शोधल्याचा तो पुरावा असतो. वर्गात 'ईटेड' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडेही याच दृष्टीने पाहावे, असे अभ्यासक सुचवतात. ब्राऊन यांच्या क्रमाचा दुसरा अर्थ असा की दिनचर्येच्या पाठात पहिल्याच आठवड्यात अपेक्षिलेला 'एस' हा उशिरा पक्का होणारा प्रत्यय आहे. त्यासाठी गुण कापणे सोपे असते, तो लवकर बसवणे मात्र शक्य झालेले दिसत नाही.

उच्चार

'ईडी' प्रत्ययाचे तीन उच्चार होतात. 'वॉश', 'वॉक', 'हेल्प' यांसारख्या अघोष ध्वनीने संपणाऱ्या क्रियापदांनंतर तो 'ट्' असा, 'प्ले', 'क्लीन' यांसारख्या सघोष ध्वनीनंतर 'ड्' असा, आणि 'वाँट', 'नीड' यांसारख्या 'ट' किंवा 'ड' या ध्वनींनी संपणाऱ्या क्रियापदांनंतर 'इड' असा होतो. लिखित शब्दावरून इंग्रजी शिकणारा विद्यार्थी तिन्ही ठिकाणी 'एड' वाचतो आणि 'वॉकेड', 'वॉशेड' असे उच्चार रूढ होतात. 1958 मध्ये जीन बर्को यांनी मुलांना बनावट क्रियापदे देऊन त्यांची भूतकाळी रूपे विचारली, तेव्हा 'ट' आणि 'ड' यांनी संपणाऱ्या शब्दांवरच मुले अधिक अडखळली, कारण प्रत्यय आधीच लागला आहे असे त्यांना वाटे.

'वॉश्ट द' यासारख्या जोडणीत शेवटचा 'ट्' बोलण्याच्या ओघात अस्पष्ट होतो. तो ऐकूच आला नाही तर तो बोलण्यातही येत नाही, त्यामुळे मागील विभागातील श्रवणसराव उच्चारासाठीही उपयोगी पडतो.

चुकांची दुरुस्ती

विद्यार्थी 'आय गो टू मार्केट यस्टर्डे' म्हणाला असता शिक्षक बहुधा 'ओ, यू वेंट टू द मार्केट' असे शुद्ध रूप सहज उच्चारून पुढे जातो. कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचे निरीक्षण करून रॉय लिस्टर व लायला रँटा यांनी 1997 मध्ये नोंदवले की ही रीत शिक्षकांना सर्वाधिक प्रिय आहे, पण विद्यार्थ्याकडून दुरुस्ती होण्याचे प्रमाण तिच्यात कमी असते. विद्यार्थ्याला वाटते की शिक्षकाने आपल्या बोलण्याला दुजोरा दिला.

भूतकाळापुरता एक सुधारित मार्ग कॅथरीन डाउटी व एलिझाबेथ व्हरेला यांनी 1998 मध्ये मांडला. इंग्रजी शिकणारे विद्यार्थी विज्ञानाच्या तासाला केलेल्या प्रयोगांचे वृत्तांत सांगत आणि लिहीत. काळ चुकला की शिक्षिका प्रथम चुकीचे वाक्य प्रश्नार्थक सुरात परत म्हणे आणि तेवढ्याने भागले नाही तर शुद्ध रूप देई. या वर्गाची प्रगती तुलनेच्या वर्गापेक्षा स्पष्टपणे अधिक झाली. येथे भूतकाळ विज्ञानाच्या वृत्तांतासाठी खरोखरच लागत होता. प्रयोग झालेला होता, निकाल लागलेला होता, आणि तो 'काल' हा शब्द न वापरताही भूतकाळातच सांगावा लागे.

आशयाचा प्रश्न

दिनचर्येच्या पाठातील दिवस कोणाचा, हा या पाठाविषयीचा जुना आक्षेप आहे. अनेक पुस्तकांतील मूल गजराच्या घड्याळाने उठते, टेबलावर न्याहारी करते, बसने शाळेत जाते, संध्याकाळी बागेत खेळते आणि झोपण्यापूर्वी गोष्टीचे पुस्तक वाचते. उठल्यावर पाणी भरणारे, गोठा झाडणारे, धाकट्या भावंडाला सांभाळणारे किंवा पहाटे वर्तमानपत्रे टाकून शाळेत येणारे मूल या चित्रांत क्वचितच येते. त्याला स्वतःचा दिवस सांगायला लावले की त्याच्यापुढे दोन पर्याय उरतात. एक, पुस्तकातील दिवस आपला म्हणून सांगायचा, म्हणजे व्याकरणाने बरोबर पण खोटे वाक्य बोलायचे. दुसरा, गप्प बसायचे. दुसऱ्या पर्यायाची नोंद 'विद्यार्थ्याला काळ येत नाहीत' अशी होते. पहिल्या पर्यायाला मात्र पूर्ण गुण मिळतात.

शब्दांची उणीव भरून काढणे कठीण नसते. 'फीड द कॅटल', 'फेच वॉटर', 'स्वीप द यार्ड', 'लुक आफ्टर माय सिस्टर' ही क्रियापदे 'ब्रश माय टीथ'पेक्षा अवघड नाहीत. त्यांपैकी 'फीड' आणि 'स्वीप' यांची भूतकाळी रूपे 'फेड' व 'स्वेप्ट' अशी असल्याने व्याकरणाच्या दृष्टीनेही ती उपयुक्त आहेत. भाकरी थापणे, सडा घालणे यांसारख्या क्रियांना इंग्रजीत नेमका शब्द नाही. तेथे भाकरी व सडा हे शब्द तसेच ठेवून 'मेक' किंवा 'स्प्रिंकल वॉटर' अशी रचना करता येते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न व्याकरणाचाही होतो. मराठवाड्यातून ही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि हंगाम संपल्यावर गावी परततात. अशा मुलाला एकच दिनचर्या नसते. गावाकडचा दिवस वेगळा, फडावरचा वेगळा. वर्गात परतल्यावर त्याला जे सांगायचे असते ते 'एव्हरी डे'त बसत नाही आणि 'यस्टर्डे'तही नाही. तेथे आम्ही पहाटे उठायचो, कोपीत राहायचो, बैलांना वाढे घालायचो, असा तो रीतिभूतकाळ असतो. बहुतेक अभ्यासक्रमांत 'यूज्ड टू' ही रचना जोडपाठानंतर बरीच उशिरा येते. तोपर्यंत 'वी गॉट अप अर्ली', 'वी लिव्ह्ड इन अ हट' हा साधा भूतकाळ पुरतो, कारण इंग्रजीत तो भूतकाळातील सवयीसाठीही चालतो. एवढे एक वाक्य शिक्षकाने सांगितले तरी मुलाचे सहा महिने वर्गात सांगता येतात.

मूल्यमापन

लेखी परीक्षेत या घटकावर प्रामुख्याने कंसातील क्रियापदाचे योग्य रूप लिहा, काळ ओळखा किंवा वाक्याचा काळ बदला अशा स्वरूपाचे प्रश्न येतात. त्यांतून रूपाची ओळख तपासली जाते, वापराची नाही. अशा प्रश्नांत कालवाचक शब्द जवळजवळ नेहमी दिलेला असतो, त्यामुळे विद्यार्थी वाक्य न वाचता 'यस्टर्डे' शोधून उत्तर लिहू शकतो. पर्याय म्हणून चित्रमालिकेवरून हकिकत सांगणे, कालच्या दिवसाविषयी दोन मिनिटे बोलणे किंवा आठवड्याची दैनंदिनी लिहिणे यांचा उपयोग होतो. दैनंदिनीत एकाच विद्यार्थ्याची जूनमधील व मार्चमधील पाने समोरासमोर ठेवता येतात. त्यांत 'गो'च्या जागी 'गोड' आलेले दिसले तर ती चूक पहिल्या चुकीपेक्षा पुढच्या टप्प्याची समजली जाते, जरी गुणपत्रिकेत दोन्हींना शून्यच मिळत असले तरी.